फलक लावल्यावरही काही जण आत जातील

"मॅडम, बाकीचं राहू द्या. आधी सत्तेचाळीसचं काय ते सांगा."

मॅडमनी अजून पर्सही टेबलावर ठेवली नव्हती. दोन जिने चढून लागलेली धाप छातीतच होती. समोर बाकांवर ऐंशी-नव्वद जण खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि आज कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. एरवी या वर्गाला गप्प करायला टेबलावर डस्टर आपटावा लागे. आज खालच्या बॅटरीच्या दुकानात कुणीतरी काहीतरी ठोकत होतं, तेवढाच आवाज.

सरकारी भरती परीक्षेच्या गुणांची यादी आणि उत्तरतालिका आदल्या संध्याकाळी एकदमच लागली होती. उत्तर चुकीचं वाटलं तर हरकत घ्यायला पाच दिवस होते.

"वाच," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या बाकावरच्या मुलीने प्रश्नपुस्तिका उघडून वाचलं. विधान असं होतं: फलक लावल्याशिवाय दंड करता येत नाही, म्हणून विभागाने तलावाच्या काठी 'आत जाऊ नये' असा फलक लावला. गृहीतक एक: फलक वाचून लोक आत जाणार नाहीत. गृहीतक दोन: फलक लावल्यावरही काही जण आत जातील. यातलं कोणतं गृहीतक विधानात दडलेलं आहे?

"तालिकेत 'फक्त दोन' दिलंय, मॅडम. आम्ही सगळ्यांनी 'फक्त एक' केलंय."

"का?"

हा प्रश्न विचारायला नको होता, हे त्यांना विचारल्यावर कळलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "नियम चार!" मागून कुणीतरी तो पाठही म्हणून दाखवला. "सूचना, जाहिरात, फलक, आवाहन आलं, की लोक ऐकतील हे गृहीत धरायचंच. विचार करत बसायचं नाही."

विचार करत बसायचं नाही. हे शेवटचे शब्दही मॅडमचेच होते.

त्यांनी पुस्तिका हातात घेऊन प्रश्न पुन्हा वाचला. दुसऱ्या वाचनातच त्यांच्या लक्षात आलं. फलक लोकांना अडवायला लावलेलाच नव्हता. तो लावला होता दंड करता यावा म्हणून. आत कुणी जाणारच नसेल तर दंड कुणाला करणार? तालिका बरोबर होती. प्रश्न फार सुरेख होता. असा प्रश्न काढणाऱ्याला एकदा भेटावं, असंसुद्धा एक क्षण त्यांना वाटून गेलं.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांत कुठल्याच वर्गाने त्यांच्या तोंडून 'उद्या' ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या रांगेत खिडकीशी, खाकी गणवेशातच बसलेल्या बाईने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिला सगळे 'तिकीट' म्हणत. ती बसमध्ये कंडक्टर होती. वय सदतीस पूर्ण, वर काही महिने. पुढच्या परीक्षेला ती वयात बसत नव्हती. सहा वर्षं ती दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात येत होती. पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना विचारलं होतं, ही नोकरी कशाला हवी? कुणी देशसेवा म्हणालं, कुणी आईवडिलांचं स्वप्न. तिकीट म्हणाली, "मॅडम, मला साहेब व्हायचं नाहीये. मला बसायचंय." वर्ग हसला होता. मग तिने पायाच्या फुगलेल्या शिरा दाखवल्या, आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय तेही सांगितलं, तेव्हा हसू ओसरलं.

तिला यादीत एक गुण कमी पडला होता. एकच.

*

क्लासचे मालक हे मॅडमच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी. तीन वेळा परीक्षेत आपटले आणि मग परीक्षेवरच क्लास काढून बसले. मॅडम त्यांना चारचौघांत 'सर' म्हणत आणि चिडल्या की 'तू'.

"बसा मॅडम. चहा सांगू?"

"सांगा."

"हरकत घ्यायची," मालक म्हणाले. "आपली एकशे बारा मुलं बसली होती. प्रत्येकाचा एक अर्ज आणि प्रत्येक अर्जाला तुमचं टिपण. तीन वर्षांपूर्वी तुमच्या टिपणावर त्यांनी सगळ्यांना एक गुण दिला होता की नाही?"

"तेव्हा चूक त्यांची होती."

"आणि आता?"

मालकांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"मॅडम, मी काहीतरी विचारलं."

"आता आपली आहे."

"आपली म्हणजे कुणाची?"

"माझी."

"हे बाहेर बोललात कुठे?"

"अजून नाही."

"मग तुम्ही अजून बोललेल्याच नाहीत."

चहा आला. चहा आणणारा जाईपर्यंत दोघंही कपाकडे बघत राहिले.

"तुला आठवतं का रे," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बॅचला मी कसं शिकवायचे? गृहीतक म्हणजे खुर्चीचा पाय. बोलणाऱ्याने जे सांगितलेलं नाही, पण जे काढून घेतलं तर त्याचं बोलणं कोसळतं, ते गृहीतक. काढून बघा. उलटं करून बघा. खुर्ची उभी राहिली, तर तो पाय नव्हताच."

"आठवतं की. म्हणून तर तीनदा नापास झालो." मालक हसले, पण त्यात डंख नव्हता. "मॅडम, एका प्रश्नाला ऐंशी सेकंद लागायचे तुमच्या त्या पायाला. परीक्षेत मिळतात छत्तीस. घड्याळ मी लावलं होतं, पण नियम तुम्ही बनवलेत. अकराच्या अकरा. आणि मुलं पास व्हायला लागली. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मॅडमनी ते नियम एका बैठकीत लिहून काढले होते. सुरुवातीला प्रत्येक नियमाचे अपवादही सांगत. चौथ्याचे तर तीन अपवाद होते, आणि त्यातला दुसरा नेमका हाच. अपवाद सांगायला दोन तास जात. पुढे ते दोन तास गणिताच्या सरांकडे गेले. मग मालकांनी नियमांची खिशात मावेल अशी प्लॅस्टिकची पट्टी काढली. पट्टीवर अपवादांना जागा नव्हती. मॅडमनी तेव्हा एकदा कुरकुर केली, आणि पट्टीवर स्वतःचं नाव ठळक छापलेलं बघून ती गिळूनही टाकली. हे त्या कुणाला सांगत नसत. स्वतःलाही फारसं नाही.

"बाकीच्यांचं सोडा," मालक आवाज उतरवून म्हणाले. "त्यांना अजून दोन-दोन, तीन-तीन संधी आहेत. तिकीटचं वय संपलं. प्रश्न रद्द झाला, तर त्याचा गुण तिलाही मिळतो आणि ती आत जाते. तिच्यासाठी लिहा."

कुठे दाबायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. पण त्यांना तिकीटबद्दल खरंच वाईट वाटत होतं, हेही तितकंच खरं, आणि त्याचाच मॅडमना जास्त त्रास झाला. तो नुसता लबाड असता तर बरं झालं असतं.

*

घरी आत्या आणि त्या अशा दोघीच. आत्या ऐंशीच्या, कानांनी कमी, जिभेने शाबूत.

"आल्यापासून काय खरडतेयस? दिवा तरी लाव."

"खोटं लिहितेय, आत्या."

"काय?"

"खोटं!" मॅडम ओरडल्या.

"मग अक्षर चांगलं काढ," आत्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

मॅडम लिहीत गेल्या. फलक, त्यांनी लिहिलं, हा मुळात वाचणाऱ्याशी केलेला संवाद आहे. जो दुसऱ्याला काही सांगतो, तो ऐकलं जाईल हे धरूनच सांगतो. दंडाची तरतूद हे फलक लावण्याचं निमित्त, त्यातली विनंती हा फलकाचा अर्थ. निमित्ताने अर्थ पुसला जात नाही. सबब पहिलं गृहीतक नाकारता येणार नाही, आणि प्रश्न संदिग्ध ठरतो.

त्यांनी वाचून पाहिलं. चांगलं उतरलं होतं. बऱ्याच वर्षांत इतकं नेटकं काही त्यांच्या हातून लिहून झालं नव्हतं. मग सवयीने त्यांनी खुर्चीचा पाय काढून बघितला. फलक वाचून कुणीच ऐकणार नाही, असं धरलं, तरी विभाग फलक लावेल का? लावेल. आनंदाने लावेल. दंडाची पावतीपुस्तकंही मागवून ठेवेल. टिपण कोसळलं. त्यांनी ते पुन्हा उभं केलं, 'अर्थ'च्या जागी 'आशय' घातलं. पुन्हा कोसळलं.

"कुणासाठी आहे एवढं?" आत्यांनी विचारलं.

मॅडमनी तिकीटची गोष्ट सांगितली. मोठ्या आवाजात सांगावी लागल्यामुळे ती फार साधी वाटायला लागली. मी चुकीचं शिकवलं. तिने तसंच केलं. ती एका गुणाने गेली.

आत्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. "आणि हे लिहून तू तिला पास करतेयस, की स्वतःला?"

"आत्या, दोघींना केलं तर बिघडलं कुठे?"

"बिघडत नाही गं," आत्या म्हणाल्या. "विचारलं आपलं."

मॅडमनी सही केली. अक्षर खरंच चांगलं आलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वर्ग रिकामा असताना तिकीट आली. गणवेशात, खांद्याला चामडी पिशवी, केस घामाने कपाळाला चिकटलेले. तिची पुढची फेरी पाऊण तासाने होती.

"बस," मॅडम म्हणाल्या.

"बसते. एक दाखवायचं होतं." तिने पिशवीतून प्रश्नपुस्तिका काढली. घडी घालून घालून तिचा पार चुरगळा झाला होता. सत्तेचाळीसाव्या प्रश्नापुढे समासात पेन्सिलीने बारीक 'दोन' लिहिलेलं होतं, आणि त्याच्यावर तशीच बारीक काट.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी आधी दोनच काढलं होतं," तिकीट म्हणाली. "मॅडम, वाचल्या वाचल्या मला आमची बस दिसली. आमच्याकडे लिहिलेलं असतं ना दारावर, विनातिकीट प्रवास केल्यास दंड होईल. ते वाचून आजवर कुणी तिकीट काढलेलं मी तरी बघितलं नाही. ते असतं तपासनीस पकडतो तेव्हाला. साहेब, मला माहीत नव्हतं, असं म्हणायला जागा राहू नये म्हणून. अकरा वर्षं त्या दाराशी उभी आहे मी. तर मला वाटलं, ह्यांनी आपलंच काढलंय." ती थोडी हसली. "दोन लिहिलं. आणि उत्तरपत्रिकेतला गोल काळा करताना नियम चार आठवला. म्हटलं, आपल्याला काय कळतंय. मॅडम सांगतात ते खरं. काट मारली."

खाली दुकानात कुणीतरी 'धर, धर, धर' म्हणत होतं. मग जड काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मॅडम, मला एवढंच सांगा. आधीचं बरोबर होतं ना?"

टिपण मॅडमच्या पर्समध्ये होतं. खाली मालक त्याच्या एकशे बारा प्रती काढायच्या म्हणून कागद मागवत होते. 'नाही' म्हटलं असतं, तर या मुलीला काही दिवसांची का होईना, आशा होती. आणि वर, मॅडम बरोबर होत्या, हे समाधान. मुलगी कसली, चाळिशीला टेकलेली बाई. पण मॅडमना ती या घटकेला तशीच दिसली.

"हो," त्या म्हणाल्या. "तू बरोबर होतीस. चूक माझ्या नियमात आहे. मला ती माहीत होती. मी सांगायची सोडून दिली होती."

तिकीटने मान हलवली. एकदा, दोनदा. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं. वर्गात अवघड उदाहरण सुटल्यावर उजळायचं तसंच. मग ते गेलं, आणि जे उरलं त्याच्याकडे मॅडमना बघवेना.

"म्हणजे मला येत होतं," ती म्हणाली.

"येत होतं."

"मी क्लासला आले नसते तर..." तिने वाक्य सोडून दिलं. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मॅडमना काहीतरी धरायला मिळालं असतं.

मग तिने विचारलं, "सर म्हणत होते, तुम्ही पत्र लिहिलंय."

"लिहिलंय. पण ते खोटं आहे."

"द्या."

"अगं, खोटं आहे म्हटलं ना. तपासणारे अडाणी नाहीत."

"मॅडम, माझ्या गाडीत रोज लोक काय काय कारणं सांगतात. पाकीट विसरलं, मुलगा आजारी आहे, पुढच्याच थांब्याला उतरतो. कळतं मला. तरी त्यातलं एखादं मी चालवून घेते." तिने हात पुढे केला. "माझंही कुणीतरी एखादं चालवून घेईल."

मॅडमना त्या वाक्यातलं गृहीतक दिसलं. त्यांनी ते उलटं करून पाहिलं नाही. पर्स उघडून कागद तिच्या हातात दिला. तिने तो न वाचताच घडी करून पिशवीत ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुस्तिका बाकावरच टाकून कागद मालकांकडे द्यायला जिना उतरून गेली.

*

वीस दिवसांनी उत्तर आलं. एकशे बारा अर्जांना मिळून दोन ओळी. फलक लावण्याचा हेतू विधानात स्पष्ट दिला आहे. हरकत अमान्य.

मालकांना वाईट वाटलं. दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्टीचा नवा नमुना मॅडमसमोर ठेवला. नियम आता बारा होते. बारावा असा: फलक दंडासाठी असेल, तर नियम चार लावू नये.

"सर, हा नियम नाही," मॅडम म्हणाल्या. "ही एक बाई आहे."

"काय?"

"काही नाही."

"मॅडम, तुम्हाला जुन्या पद्धतीने शिकवायचंय ना? रविवारी सकाळी घ्या. खोली मोकळीच असते. ज्यांना यायचं ते येतील."

पहिल्या रविवारी सात जण आले. दुसऱ्या रविवारी तीन. तिसऱ्या रविवारी एकच मुलगा आला, अगदी मन लावून ऐकत बसला, आणि तासाभराने म्हणाला, "मॅडम, गणिताचे सर किती वाजता येतात?"

तिकीट क्लासला यायची बंद झाली होती. येण्याचं कारणच उरलं नव्हतं. मॅडमना दोन-तीनदा वाटलं, फोन करावा. फोनवर काय बोलायचं याची त्या मनात जुळवाजुळव करत, आणि प्रत्येक वाक्य जुळलं की त्यात कुठेतरी 'तू मला माफ करशील' हे दडलेलं सापडे. तेवढं काढून घेतलं, की वाक्य उभं राहत नसे.

शेवटी एका गुरुवारी, फोन न करता, त्या तिच्या मार्गाच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. दोन गाड्या सोडल्या. तिसरीच्या दारात ती होती.

"चला, पुढे व्हा, पुढे व्हा, मधे मोकळं आहे." मॅडमकडे बघून तिने ओळखीची मान हलवली. "शेवटचा थांबा," मॅडम म्हणाल्या. तिने तिकीट फाडून दिलं आणि ती मागे गेली. शाळा सुटली होती, गाडी गच्च होती. एका म्हाताऱ्याशी तिची सुट्ट्या पैशांवरून हुज्जत झाली, एका बाईचं पोर तिने दोन मिनिटं कडेवर घेतलं, कुणाला तरी म्हणाली, "काका, दार धरून उभं राहू नका, दार पगार देत नाही." लोक हसले. मॅडमही हसल्या, आणि त्यांना कळलं की वर्गात ही असं कधीच बोललेली नव्हती. सहा वर्षं ती तिथे नुसती उतरवून घेत बसलेली असायची.

गाडी रिकामी होत गेली. शेवटच्या थांब्याला मॅडम एकट्याच उरल्या. चालक उतरून टायरला लाथ मारून बघत होता. ती बाकांखाली कुणाचं काही राहिलंय का ते वाकून बघत बघत पुढे आली.

"अगं," मॅडम म्हणाल्या. इतक्या दिवसांची जुळवाजुळव होती, त्यातलं एकही वाक्य वेळेला उपयोगी आलं नाही. "ते सगळं... माझ्यामुळे..."

"मॅडम, असू द्या." ती खरंच दमलेली होती. "गाडी आत न्यायचीय. उतरता ना?"

मॅडम उठल्या. दाराशी आल्या. पायरी आणि रस्ता यांच्यात बरंच अंतर होतं. चालकाने गाडी कडेपासून लांब उभी केली होती. त्या दांडा धरून थबकल्या. तेव्हा ती आधी खाली उतरली, एका हाताने पिशवी मागे सारली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा कोपर धरला. घट्ट आणि सराईतपणे. दिवसातून किती म्हाताऱ्यांचा धरावा लागत असेल, तसाच.

"सावकाश," ती म्हणाली. "आधी डावा पाय."

मॅडमनी आधी डावा पाय टाकला. मग उजवा. रस्ता लागल्यावर तिने कोपर सोडला, वर चढली, दोनदा घंटा ओढली, आणि गाडी वळून आत गेली.